साळूबाईचा पाय

वडूजजवळच्या त्या वाडीत कुणाच्या पाठीत उसण भरली, की गडी डॉक्टरकडे जायचा नाही. साळूबाईच्या दारात येऊन पालथा पडायचा. साळूबाई पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून आलेली. अशा माणसाची लाथ पाठीला लागली की उसण पळते, ही पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. सरपंचानं लाथ खाल्ली, पोस्टमननं खाल्ली, वर दोघांनी नारळ दिला. बाईला तोरा होता, आणि का नसावा?

चौऱ्याहत्तर साली तिची सून विजयमाला पाचव्या महिन्यात पाठ धरून बसू लागली. नवरा भाऊसो पलटणीत, लांब आसामात. पोटुशीची पाठ दुखायचीच, असं म्हणत साळूबाईनं तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि पाठीला अलगद पाय लावला. दर रविवारी लावला.

"आत्याबाई, आडवी झाले की जास्तच कळ येतीया," विजयमाला म्हणायची.

"उसण जुनी हाय. निघंल."

सातव्या महिन्यात एके सकाळी विजयमाला गोठ्यातून घरात आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी मागं अंगणात पडली होती.

"चप्पल कुठं गं?"

विजयमालानं खाली बघितलं. "निसटली व्हय? मला कळलंच न्हाई."

त्याच दिवशी साळूबाईनं तिला घेऊन मिरजेची एसटी धरली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायाला टाचणी टोचली. विजयमालाला पत्ता नाही. पोटावर शिशाचा पट्टा ठेवून कण्याचे फोटो काढले. मग त्यांनी सासूला बाहेर बोलावलं. "कण्यात गाठ आहे. बहुतेक कॅन्सरची. ऑपरेशन आत्ताच करायला हवं, नाहीतर पाय कायमचे जातील. बाळ पोटातच राहू द्या, आत्ता काढलं तर जगणं अवघड. किरणांचा शेक बाळंतपणानंतर देऊ."

साळूबाईनं एकच विचारलं. "बाई, माझ्या लाथंनं झालं का वं?"

"लाथेनं कॅन्सर होत नाही, आजी. पण दोन महिने वाया गेले."

पहिल्या वाक्यानं तिच्या जिवात जीव आला आणि दुसऱ्यानं पार गेला. तिनं कागदावर अंगठा उठवला.

विजयमालाला कुशीवर निजवून गाठ काढली. कॅन्सरच निघाला. आठव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला, तेव्हा साळूबाई वॉर्डात सगळ्यांसमोर मोठ्यानं रडली. पाच आठवड्यांनी पोट उघडून मुलगी काढली. नर्स हसत बाहेर आली. "आजी, नात पायांकडून आली. तुमच्यासारखीच पायाळू!"

साळूबाईनं नर्सचा हात घट्ट धरला. "पोरी, तुझ्या पाया पडते. गावाकडचं कोण आलं तर ह्ये सांगू नगंस."

शेक घेऊन विजयमाला काठीच्या आधारानं घरी आली. पुढं चार वर्षं जगली, आणि स्वतःच्या पायांवर चालली.

घरी आल्यावर महिन्याभरातच शेजारचा गुंडा पाठ धरत आला आणि सवयीनं उंबऱ्यापाशी पालथा पडला.

"ऊठ रं. एसटी धर आन् दवाखान्यात जा."

"आवं काकू, निस्ता पाय लावा की!"

"या घरात कोण पायाळू न्हाई," साळूबाई म्हणाली, आणि मांडीवर पाय झाडणाऱ्या नातीची पावलं तिनं पदराखाली झाकली.