यॉर्कशरमध्ये कावळा शिवतो का

बाबांच्या दहाव्याला पुण्यात कावळा शिवला नाही. ही बातमी आईने मला फोनवर दिली, तेव्हा इथे सकाळचे आठ वाजले होते आणि माझ्या तोंडात ब्रश होता.

"दोन तास वाट बघितली रे. दादाने काय काय कबूल केलं. आईला सांभाळीन, तुमची पुस्तकं रद्दीत घालणार नाही. एक कावळा जागचा हलेल तर शपथ! शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय. तू तिथे पान ठेव. आणि परत यायचं कबूल कर, बघ लगेच शिवेल."

मी तेव्हा लीड्सपासून तासाभरावरच्या एका खेड्यात, चर्चला लागून असलेल्या कॉटेजमध्ये राहत होतो. बाबा गेले तेव्हा मला जाता आलं नाही, कारण पासपोर्ट इथल्या सरकारकडे होता. घरी सांगितलं होतं, व्हिसा वाढवायला दिलाय. खरं तर तो इथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी दिला होता. सहा वर्षं मी बाबांना फोनवर "पुढच्या वर्षी नक्की येतो" म्हणत होतो आणि ते दर वेळी "बरं" म्हणत होते.

कॉलेजात असताना मी काकांच्या दहाव्याला गुरुजींना विचारलं होतं, "कावळ्याला मराठी कळतं का?" त्याबद्दल घाटावरच बाबांची थप्पड खाल्ली होती. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' हे तर मी इतक्या लोकांना ऐकवलंय की त्यांनी मला टाळायला सुरुवात केली. तर असा हा बुद्धिवादी त्या शनिवारी किचनमध्ये उभा राहून पिशवीतल्या इन्स्टंट भाताचे पिंड वळत होता. ते वळेनात. त्या भाताचा एक दाणा दुसऱ्याला ओळख देत नव्हता. शेवटी दही घालून तीन गोळे केले आणि प्लेट चर्चच्या भिंतीवर ठेवली.

पलीकडच्या उंच झाडांवर शेपन्नास काळे पक्षी कलकलत होते. मी इकडेतिकडे बघून हात जोडले.

"बाबा, रोज सूर्यनमस्कार घालीन."

काही नाही.

"बीफ बर्गर सोडतो."

एकाने मान वळवली. तेवढंच.

"तुमची स्कूटर कोणाला विकू देणार नाही. आणि बाबा, परत..." पुढचा शब्द काही केल्या येईना.

"रूक पक्ष्यांना भात घालताय?" कुंपणापलीकडून शेजारच्या आजींनी विचारलं. ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त शाळामास्तरीण. गावाचा सगळा इतिहास त्यांच्या घरी बुटांच्या खोक्यांत भरलेला, आणि दर वसंतात या झाडांवरची घरटी मोजायचं काम त्यांचं.

"हे क्रो नाहीत?"

"छे! चोचीच्या मुळाशी पांढरं दिसत नाही का? ते रूक, कावळ्यांचे चुलतभाऊ."

इतक्या खटपटीनंतर पक्षीच चुकला! ज्या विधीला काही अर्थ नाही असं मी ठणकावून सांगायचो, त्यात रूक चालतो की नाही या काळजीने मी घामाघूम झालो. मग आजींना सगळं सांगून टाकलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडेही होतं हे. घरातला कर्ता गेला की घरच्यांनी झाडाखाली जाऊन रूकना सांगायचं. नाही सांगितलं तर ते गाव सोडून जातात म्हणे. माझा नवरा गेला तेव्हा मी सांगितलं होतं."

"काय सांगायचं?"

"खरं असेल ते." एवढं बोलून त्या पाठ फिरवून वाफ्यातलं तण काढायला बसल्या.

"बाबा गेले," मी झाडांकडे बघत म्हणालो. दहा दिवस ऑफिसात ही गोष्ट इंग्रजीत सांगत होतो आणि दर वेळी दुसऱ्याच कोणाचे तरी वडील गेल्यासारखं वाटत होतं. "बाबा, मी परत येणार नाहीये. पासपोर्ट त्यासाठीच दिलाय. सहा वर्षं तुमच्याशी खोटं बोललो." आणि मी रडायला लागलो, अगदी नाक गळेपर्यंत.

एक रूक भिंतीवर उतरला. दोन उड्या मारत प्लेटपाशी आला, गोळा फोडला आणि चोचभर भात घेऊन उडाला. फांदी मोडली असेल म्हणा. मला त्या क्षणी काही फरक पडत नव्हता.

आईला फोन केला. "शिवला."

तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "परत यायचं कबूल केलंस ना?"

मराठीत नवसही कबूल करतात आणि गुन्हाही. रूकसमोर निघालेलं धैर्य आईसमोर निघेना.

"कबूल केलं, आई."

"मी म्हणत नव्हते? आता सुटले ते." ती डोळे पुसत असावी. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "उद्याच रंगारी बोलावते. वरची खोली तुला करून ठेवते. कुठला रंग देऊ?"

"पांढरा," मी म्हणालो. असल्या खोट्याला इंग्रजीत तोच रंग देतात.