मॅलव्हेसी

सौदीतल्या या जुबैलमध्ये काही घडत नाही, असं आम्ही घरी फोनवर सांगतो. शिफ्ट, बस, कॅम्प, झोप. पण एसीच्या फिल्टरमध्ये धूळ साठते तसे किस्से साठत राहतात. आमच्या लंच टेबलवरचे बहुतेक किस्से एकाच शब्दापासून सुरू होतात.

तो शब्द आणला डंकनने. इन्स्पेक्शनचा आमचा सीनियर, साठीचा स्कॉटिश माणूस. एकदा कॅन्टीनमध्ये द्राक्षाचा ज्यूस ओतून घेताना म्हणाला, "मॅलव्हेसी." ग्रीसकडून जहाजाने येणाऱ्या गोड वाईनचं जुन्या स्कॉट्स भाषेतलं नाव. त्याची बायको मोराग असले शब्द जमवायची आणि फोनवर त्याला शिकवायची. सौदीत वाईन नाही, निदान नाव तरी घ्यावं! तेव्हापासून आमच्यात ज्यूस म्हणजे मॅलव्हेसी.

*

आमच्यातला शिर्के इथे कुटुंबासह राहतो. त्याच्या मुलीने शाळेत आवडतं पेय म्हणून तेच लिहिलं. टीचरने अर्थ शोधला आणि शिर्केला बोलावणं आलं. आत जाताना लेकीने बजावलं, "पप्पा, प्लीज डोन्ट एक्सप्लेन."

त्याने एक्सप्लेन केलं. आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

*

हाच शिर्के चिपळूणहून येताना अमृत कोकमची बाटली घेऊन आला. कॅम्पच्या गेटवर आमची गाडी तपासताना गार्डने ती उचलून विचारलं, हे काय? मागच्या सीटवरून आमच्याच टेबलवरचा कुलकर्णी गमतीत म्हणाला, "मॅलव्हेसी."

गार्डने मोबाइलवर शोधलं. वाईन! शिर्केने विनवलं, वास घ्या, हवं तर पिऊन दाखवतो. गार्डने बाटली वाळूत ओतली, "खलास" म्हणाला आणि आम्हाला सोडून दिलं. माणूस वाईट नव्हता, केस केली नाही.

गाडी गेटच्या आत आली. मग शिर्के म्हणाला, "आईने जाण्याआधी केलेलं होतं. शेवटचं."

कुलकर्णी आता दुसऱ्या टेबलावर जेवतो.

*

पुढे मोरागचेच शब्द आटू लागले. आधी जुने गेले, मग रोजचे. फोनवर ती मध्येच थांबायची, आणि डंकन इकडून एकेक शब्द सुचवत बसायचा. त्याने रजा मागितली, पण प्लांटचा शटडाउन, म्हणजे सगळं बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची धांदल, चालू होता. पुन्हा मागितली तेव्हा "इन्शाल्ला" एवढंच उत्तर आलं. शटडाउन आटोपल्यावर कुठे त्याला जायला मिळालं.

रजा बरीच शिल्लक असताना तो परत आला. शिर्केने विचारलं, इतक्या लवकर कसा आलास?

"फार छान वागली माझ्याशी," डंकन म्हणाला. "चहा केला. बाहेर अंधारून आलं तशी म्हणाली, 'आता निघा तुम्ही. घरी बायको वाट बघत असेल.'"