शेंगांच्या पुडीतला बी.ए.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लोणावळ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये टेबलावर माझा कॉलेजचा फॉर्म भरून तयार होता... आर्ट्सचा. कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक झालेल्या मुलीने इंग्रजी घेऊन बी.ए. नाही करायचं, तर काय करायचं? (टाईप नात करते आहे. चुका तिच्या, मतं माझी.)

तेवढ्यात सुदुंबऱ्याचे आबाकाका दर रविवारी उगवायला लागले. हे वडिलांचे चुलतभाऊ, देहूरोडच्या लष्करी डेपोत शिपाई. एरवी वर्षातून एकदा दिसायचे.

आणि एकच धोशा. "पोरी, त्ये बीए नगं. सायन्सला जा."

"का?"

"जा म्हंतो न्हवं!"

मला संशय आलाच. यांचा मुलगा सदा मॅट्रिकला दोनदा आपटलेला... मीही सायन्सला आपटून घरी बसावं, हाच डाव असणार. नाहीतर एखादं स्थळ तरी मनात असणार! आईला तसं बोलले, तर म्हणाली, "जीभ आवर."

पुढच्या रविवारी काकांनी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. पुडी सोडली, तर कागद इंग्रजीत टाईप केलेला. डेपोतल्या कारकुनाच्या जागेसाठी अर्ज... बी.ए. ऑनर्स, पहिला वर्ग. भाषा अशी, की आमच्या नन्सनी वर्गात वाचून दाखवली असती.

"काका, हा कागद तुमच्याकडे कसा?"

"रद्दी हाय ती. येका जागंला पोतंभर आल्यात, समदे बीए. सायेब बगत बी न्हाई. कागद मिळंना, मंग आमी पुड्या बांदतो."

"आणि सायन्सवाल्यांचे अर्ज?"

"दोनच आलते, लॅबसाटी. दोगान्ला बी तार करून बोलावलं."

"मग हे आधी सांगायचं ना!"

"शिपायाचं कोन ऐकतंय? तू तर न्हाईच न्हाई."

 

त्याच संध्याकाळी फॉर्मवरचं आर्ट्स खोडलं. पुढे लॅबमध्येच नोकरी केली, आज स्वतःच्या पेन्शनवर जगते आहे. पहिल्या वर्गात बी.ए. झालेल्या मुलाचा अर्ज न वाचता रद्दीत टाकणाऱ्या त्या साहेबावर मात्र अजून चिडते.

आणि आबाकाका... मी त्यांना लबाड समजत होते, हे त्यांना चांगलं कळत होतं. तरी माझ्या भल्याचं सांगायचं त्यांनी सोडलं नाही.