पांढऱ्या वावरातली ज्वारी

“मरू द्या. उरेल ते आपलं,” असं म्हणत बाई ज्वारीच्या कोवळ्या रोपांना मिठाचं पाणी घालायच्या. धुळ्याच्या संशोधन केंद्रावर मी त्यांचा सहायक म्हणून नवा होतो, तेव्हा मला त्या निर्दय वाटल्या. पुढे पाहिलं, एखादं रोप तगलं की त्याच्यापुढे उकिडव्या बसून त्या चक्क गप्पा मारायच्या.

कालव्याच्या पाण्याने तेव्हा कितीतरी वावरं खारावली होती. अशा जमिनीच्या कडेला रानज्वारी मात्र खुशाल वाढते, हे बाईंनी हेरलं. तिचा हा गुण आपल्या ज्वारीत आणायचा त्यांनी ध्यास घेतला. पहिल्या संकराची झाडं उंच झाली, पण पिकायच्या आतच दाणे गळून गेले. शेजारचे शेतकरी म्हणायचे, “बाई गवत पेरी राह्यनी.” बाईही हसायच्या आणि पुन्हा संकर करायच्या. त्यात वर्षं गेली, माझे केसही गेले.

अखेर जरा जमलेलं बियाणं घेऊन आम्ही दोंडाईच्याजवळच्या एका शेतकऱ्याकडे, आबांकडे गेलो. त्यांचं वावर मीठ फुटून पांढरं पडलं होतं. मुलगा सुरतेला बोलावत होता, निघायची तयारीही झाली होती. एक हंगाम थांबा, एवढंच बाईंनी मागितलं. आबा थांबले.

पेरणीनंतर निम्मी रोपं करपली. आबा बांधावर बसले होते. बाईंच्या तोंडून नेहमीचं वाक्य त्या दिवशी निघालं नाही. त्या आबांशेजारी नुसत्या बसून राहिल्या. परतताना स्कूटरवर माझ्यामागे त्या रडत असाव्यात. मी वळून पाहिलं नाही.

उरलेली रोपं मात्र हटली नाहीत. कणसं निसवली, दाणा भरला आणि गळला नाही. एका सकाळी आबाच एस.टी.ने केंद्रावर आले. धाप लागली होती.

“बाई, मना वावरमा पाखरं उनात.”

कित्येक वर्षं जिथे चिमणी उतरली नव्हती, तिथे थवे आले होते. तक्रार करणारा इतका आनंदी चेहरा तुम्हीही पाहिला नसेल.

आम्ही पोहोचलो तेव्हा निम्मं गाव बांधावर जमलं होतं. जो तो बियाणं मागत होता. बाईंनी पदर खोचला, मचाणावर चढून आबांची गोफण घेतली आणि फिरवली. दगड पुढे जायचा तो मागे आला आणि माझ्या स्कूटरचा दिवा फुटला. सगळे पोट धरून हसले. सर्वांत जास्त बाई.

निवृत्तीनंतर बाई मुलीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. मला मात्र त्या अजून त्या मचाणावर दिसतात. खाली भरलेली कणसं, वर हात उंचावून ओरडणाऱ्या बाई, आणि पाखरं काही केल्या जात नाहीत.