न घेतलेले तीन खंड

मनोहर गेल्याचं मला मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. मंडळी म्हणजे आमचं साताऱ्याचं लहानसं चर्च आणि तिथं येणारी माणसं. सकाळी चहा घेता घेता फोन उघडला, तर वर कुणाचं तरी गुलाबाच्या फुलांचं ‘सुप्रभात’, खाली एका बाईंच्या घरगुती लोणच्याची जाहिरात, आणि मध्ये दोन ओळी... आपले माजी पाळक मनोहरसाहेब सांगली येथे मुलीच्या घरी प्रभूमध्ये निजले. त्याखाली जोडलेल्या हातांची ही भली मोठी रांग. एका महाभागानं घाईघाईत अंगठा वर करून टाकला होता आणि तो दुपारपर्यंत तसाच होता. दुसऱ्या दिवशी सांगलीला गाडी भरून माणसं गेली. कबरीजवळ आमच्या खजिनदारांनी खिशातून कागद काढून भाषण केलं, त्यात मनोहर ‘ज्ञानाचा सागर’ होता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगीच नाही. या सागराला आमच्या मंडळीनं तो जिवंत असताना तीन पुस्तकं घेऊ दिली नव्हती, आणि ती का घेऊ दिली नाहीत ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण त्या वेळी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाचा मीच सचिव होतो.

आम्ही दोघं कोयनानगरच्या वसाहतीत लहानाचे मोठे झालो. दोघांचेही वडील धरणावर कामाला. तिथं जमीन मधूनच हलायची, भांडी वाजायची, आणि शेजारची म्हातारी हात जोडून म्हणायची, देव कोपला. मनोहर तिला विचारायचा, कुणावर. म्हातारी त्याला झाडू दाखवायची. पुढं मी इंग्रजीचा मास्तर झालो आणि तो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू झाला, पण ही खोड काही गेली नाही. व्यासपीठावरून सरळ सांगायचा की या वचनाचा अर्थ मला अजून कळलेला नाही, कळला की सांगेन. लोकांना हे अजिबात खपायचं नाही. पाळकालाच माहीत नसेल तर आम्ही कुणाला विचारायचं, असं बाहेर चपला घालताना म्हणायचे. त्यांना पाहिजे होता एक गोड आवाजाचा, डोळे मिटून हात उंचावणारा माणूस, जो दर रविवारी तीच चार वाक्यं सांगेल आणि वेळेत सोडेल. तसे पाळक हल्ली मोबाईलवर फुकटात मिळतात. आमच्या लोकांची भक्तीही तेवढ्याच डेटाची.

मेढ्याजवळच्या एका वस्तीवरून कांता आणि तिचा नवरा दर रविवारी साताऱ्याला यायचे. नवरा टेम्पो चालवायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा, पाच वर्षांचा, साध्या तापाचं निमित्त होऊन तीन दिवसांत गेला. दफनाच्या वेळी मनोहरनं, आयुष्यात कधी नव्हे ते, ठेवणीतलं वाक्य वापरलं. देवाला आपल्या बागेसाठी सगळ्यात सुंदर फूल हवं होतं, म्हणून त्यानं ते खुडलं. मी शेजारीच उभा होतो. कांता रडत नव्हती. तिनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “त्याच्या बागंत फुलं कमी हुती व्हय?” आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी घाईनं गीत सुरू केलं, तेही चुकीच्या पट्टीत. त्यानंतर कांता चर्चमध्ये आली नाही.

मनोहर त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, मी त्या बाईशी खोटं बोललो, आता दुसऱ्यांदा तोंड उघडायचं तर नीट वाचून उघडणार. तिथून त्याच्या डोक्यात ईयोब शिरला. ईयोब म्हणजे बायबलातला तो भला माणूस, ज्याचं काही चुकलेलं नसताना मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेलं, आणि ज्याचे तीन मित्र येऊन त्यालाच समजावत बसले की बाबा, तुझंच काहीतरी चुकलं असणार. मनोहरकडे जुन्या मिशनऱ्यांच्या काळातलं एक जाडजूड भाष्य होतं, अर्धं वाळवीनं खाल्लेलं. ते त्याला नको होतं. त्यात सगळ्याचीच उत्तरं आहेत म्हणायचा, म्हणून त्याचा उपयोग नाही. मिरजेच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे त्यानं परदेशात छापलेल्या नव्या भाष्याचा पहिला खंड पाहिला होता. एकट्या ईयोबावर तीन खंड, एकेक उशीएवढा. हा माणूस तो खंड त्यांच्या कपाटाशी उभ्या उभ्या दोन तास वाचत राहिला होता, प्राध्यापक बसा बसा म्हणत असताना. किंमत ऐकून मी हसलो होतो. मी म्हणालो, एका ओळीवर पाच पानं तळटिपा लिहिणाऱ्यांना पोटापाण्याचा धंदा नाही का. तो म्हणाला, “गड्या, पाच पानं तो कबूल करतोय की याचा अर्थ नक्की कळत नाही. मला तेवढा प्रामाणिकपणा विकत घ्यायचाय.”

त्याच्या पगारात तो प्रामाणिकपणा बसत नव्हता, म्हणून विषय पंचमंडळापुढे आला. आमच्या चर्चमध्ये वस्तू यायच्या त्या फक्त मेलेल्या माणसांच्या नावानं. पंखा अमक्याच्या स्मरणार्थ, घड्याळ तमकीच्या स्मरणार्थ, बाकांच्या पाठीवर तर अख्खी वंशावळ. पंख्याच्या पात्यांवर नाव रंगवून घेणाऱ्यांना एवढंही कळत नाही की पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, पण हौसेला मोल नसतं. तर खजिनदारांना आपल्या आईच्या नावानं काहीतरी द्यायचं होतं. भिंतीवरचे मोठे स्पीकर द्यावेत असं त्यांच्या मनात होतं. मनोहरनं तीन खंडांचं सुचवलं. लगेच सगळ्यांना कंठ फुटला. मोबाईलवर सगळं फुकट असतं की. इंग्रजी कोण वाचणार. पुस्तकं पाळकाच्या घरात राहणार, मग नाव कुणाला दिसणार. मनोहर शांतपणे म्हणाला, पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत टाका आईंचं नाव, मी ती चर्चच्या खिडकीत ठेवतो, रोज तिथं येऊन वाचतो. खजिनदार विचारात पडले. मी त्यांच्याकडे बघत होतो, त्यांच्या ओठावर ‘बरं’ आलंच होतं. मनोहरनं त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या लोकांकडे काही मागितलं होतं, आणि ते मिळत होतं.

आणि इथं मी बोललो. माझी जीभ म्हणजे उचलली की टाळ्याला लागलीच, शाळेत पोरं तिला भ्यायची आणि मला त्याचा केवढा अभिमान. मी म्हणालो, “ईयोबाचं डोकं उठवायला तीन मित्र पुरले नाहीत म्हणून आता तीन खंडांचे प्रोफेसर धाडायचेत काय?” खोली हसली. अध्यक्षीणबाईंना तर ठसका लागला. खजिनदारही हसले आणि मग त्यांना वाटलं असणार, उद्या आपल्या आईच्या नावावर लोक असेच हसतील. तेवढ्यात चहा आणि खारी आली. कप खाली ठेवेपर्यंत स्पीकर मंजूर झाले होते आणि ते इतिवृत्तात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ते स्पीकर आजही आहेत. प्रार्थनेच्या मधेच कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसे कोकलतात. बाहेर पडताना मनोहर माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. चांगला होता विनोद, एवढंच म्हणाला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तेव्हा मात्र मी घरी जाऊन बायकोला तो विनोद पुन्हा सांगितला होता.

निवृत्त झाल्यावर तो मुलीकडे, शुभाकडे, सांगलीला गेला. निरोप समारंभात मंडळीनं त्याला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, घड्याळावर अर्थातच मंडळीचं नाव. तरीही महिन्यातून एकदा तो एसटीनं साताऱ्याला यायचा, माझ्याकडे अर्धा तास टेकायचा, चहा घ्यायचा आणि पुढं काम आहे म्हणून उठायचा. मला वाटायचं, जुनी जागा सुटत नाही म्हाताऱ्याला. कुठं जातोस, असं मी एकदाही विचारलं नाही. मी माझेच किस्से सांगत बसायचो.

मनोहरच्या दफनानंतर पंधरा दिवसांनी शुभानं मला बोलावून घेतलं. त्याच्या खोलीत खिडकीशी एक टेबल, त्यावर चष्मा, आणि त्या भाष्याचा पहिला खंड. निवृत्तीनंतर बाबांनी तेवढा एक कसाबसा घेतला, बाकीचे दोन राहिले, असं ती म्हणाली. मी तो उघडला. लग्नपत्रिका फाडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर त्यानं बारीक अक्षरात मराठीत टिपणं केली होती आणि पानापानांत ती खोचलेली होती. प्रत्येक टिपणाच्या वर एकच नाव होतं... कांता. हे पुस्तक मेढ्याला पोचवायला बाबांनी सांगून ठेवलंय काका, तुम्ही जाल का, असं शुभानं विचारलं. नाही कसं म्हणणार? परतीच्या एसटीत मी तो खंड चाळला तेव्हा लक्षात आलं, तो ईयोबाच्या निम्म्यावरच संपतो. ईयोब ओरडतोय, मित्र पोपटपंची करतायत, आणि देव अजून एक शब्द बोललेला नाही. देव बोलतो ते तिसऱ्या खंडात.

कांता अंगणात शेंगा वाळत घालत होती. आता केस पिकलेत. मनोहर गेल्याचं तिला माहीत होतं, मला तिनं लगेच ओळखलं, पण तोंडावर काही दाखवलं नाही. पाळकसाहेब दर महिन्याला यायचे, म्हणाली, हितंच बसायचे, एक-एक पान वाचायचे आणि मराठीत सांगायचे. कंदी कंदी मी भांडायची, कंदी ते गप बसायचे. चर्चला चल असं एकदा सुदीक म्हणाले न्हाईत. मी तिला म्हणालो, पुढचं बायबलात आहेच की, शेवटी देव बोलतो. म्हणजे तिथंही मी मास्तरकीच केली. तिनं माझ्याकडं पाहिलं.

“वाचलंय मी त्ये. देव येतो आन् शामृगाचं, रानगाढवाचं सांगत बसतो. लेकरांचं काय, त्ये बोलतच न्हाई. पाळकसाहेब म्हनले हुते, त्यात कायतरी हाय, पर मला बी अजून कळलं न्हाई, शेवटचं पुस्तक मिळालं की दोगं मिळून बघू.” मग तिनं माझ्या हातातल्या पिशवीकडं बोट केलं. “त्येच आनलंय न्हवं?”

मी म्हणालो, नाही, हा पहिलाच आहे. बाकीचे आम्ही त्याला घेऊ दिले नाहीत.

“आमी म्हंजे कोन?”

खजिनदाराचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. अध्यक्षीणबाईंचंही. सगळ्या पंचमंडळाची यादी मी न अडखळता म्हणून दाखवली असती.

“मी,” म्हणालो.

तिनं पुस्तक माझ्याकडून घेतलं, पदरानं पुसलं आणि आत नेऊन मुलाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं. बाहेर येऊन पुन्हा शेंगांशी बसली. चहाचं विचारलं नाही. मी चप्पल घातली तेव्हा मान वर न करता म्हणाली, “फुडलं आनशिला तवाच या.”