घासलेलं नाणं
चिंच कोळताना हाताला तो आंबट वास लागला की मला यवतमाळचं नाण्यांचं दुकान आठवतं. पोरीच्या बाबांना मुकुटबनच्या बाजारात सुट्ट्या पैशांत पाच रुपयांचं एक नाणं मिळालं होतं. त्याचा ठसा एका बाजूला सरकलेला होता आणि सालाखाली हैदराबादच्या टांकसाळीचा बारीक तारा होता. अशा चुकलेल्या नाण्याला चांगली किंमत येते म्हणून ते त्यांनी पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी जपून ठेवलं होतं. ते विकायला यवतमाळला निघायच्या आदल्या दिवशी मला ते फार काळं वाटलं. विकायची वस्तू स्वच्छ असावी, म्हणून देवाच्या भांड्यांसोबत चिंच-राख लावून मी ते लखलखीत घासलं आणि परत पुडीत बांधलं. दुकानदारानं भिंग लावलं अन् कपाळावर हात मारला. “भाऊ, टांकसाळीनं चूक केली तर किंमत वाढते, आपण केली तर जाते. सारे ओरखडे पडले, ताराही झिजला. काहून घासलं?” पोरीच्या बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. “मीच घासलं जी,” ते म्हणाले. “म्हटलं, चमकलं तर बरं दिसन.” मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. पोरीचं ते वर्ष गेलं. ती बापाशी कितीतरी दिवस बोलली नाही. नंतर पाहुण्यांसमोर म्हणायची, “आमच्या बाबाले भांडे घासाची लय हौस.” ते हसायचे. आता ते नाहीत. पोरगी सासरी आहे. फोनवर अजूनही कधी ती बाबांच्या त्या चुकीचं बोलते, आणि मी नुसतं हूं म्हणते.