वसतिगृहातली शेवटची जागा

मुलींच्या वसतिगृहात एकच जागा उरली होती. मुलाखतीला मुलगी आत आली, तसे संस्थेचे अध्यक्ष उठले आणि आपली खुर्ची तिला देऊन स्वतः उभे राहिले. त्यांचे आजोबा मिशनचे उपदेशक. मागायला आलेल्याला खुर्ची द्यायची, ही त्या घरची रीत. पंपांचा कारखाना चालवताना आणि पुढे कॉलेजात शिकवतानाही सरांनी ती सोडली नव्हती.

मुलगी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली.

"वर्षभर राहशील ना?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"सांगता येत नाही. घरी लग्नाचं बघतायत."

"मग जागा फुकट जाणार, सर."

सरांनी मुलीकडे पाहिलं. त्यांच्यातल्या कारखानदाराला वाया जाणारी जागा दिसत असेल, शिक्षकाला खरं उत्तर. कोपऱ्यात टिपणं घेताना मला वाटलं, खुर्ची दिली तरी नकार देण्याचा अधिकार उभ्या माणसाकडेच राहतो. मुलीलाही ते कळत होतं. ती ओढणीचं टोक पिळत होती.

"आणि जागा मिळाली तर?" सरांनी विचारलं.

"तर थांबतो म्हणालेत बाबा."

सर विश्वस्तांकडे वळले. "प्रवेशाचं पत्र आत्ताच टाईप करा. टपालानं नको, तिच्या हातात द्या."